उतारावरची नोंद

६ मार्च

भाऊजी, नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. खाणीवरून पत्रं आठवड्यातून एकदाच रेशनच्या गाडीने सुटतात म्हणून उशीर झाला असं लिहिलंत. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, इथे कोणाला घाई नाही. तिथे फोनला रेंज नाही हेही एका परीने बरंच आहे. फोनवर लोक विचारतात आणि माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. लिहिताना निदान हात तरी चालतो.

तुमच्या ऑफिसात निरोप ठेवला होता तो तुटक होता, म्हणून नीट सांगते. अकरा फेब्रुवारीला सकाळी तुमचे दादा ट्रकमध्ये लाद्या भरून निघाले. पावणेअकराच्या सुमारास मोठ्या उतारावर, जिथे रस्ता खणायचं काम चालू होतं, तिथे ट्रक थांबला नाही. लाल झेंडी घेऊन उभा असलेला माणूस गेला. ट्रक पुढे वाळूच्या ढिगात घुसला. यांच्या तीन फासळ्या मोडल्या, उजव्या घोट्यात धातूची पट्टी बसवली. दवाखान्यात पोलीस निरीक्षक जबाब घ्यायला आले तेव्हा हे एकच वाक्य बोलले, "डोळा लागला." त्यानंतर कोणाशीच काही बोललेले नाहीत. लायसन्स काढून घेतलं आहे, केस चालू होईल.

आता घरी आहेत. माझं मशीन आहे त्याच खोलीत खाट टाकली आहे. मी ताडपत्र्या शिवत असते आणि हे भिंतीकडे तोंड करून बसलेले असतात. वाढलं तर जेवतात, नाही वाढलं तर मागत नाहीत. माझंही काही निराळं नाही. परवा सुई बोटात गेली ती मला कळलीसुद्धा नाही. ताडपत्रीवर डाग दिसला तेव्हा बोट बघितलं.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. आदल्या रात्री हे घरीच होते. नऊला आडवे झाले, सहाला मी हलवून उठवलं. नऊ तास झोपलेल्या माणसाचा पावणेअकराला डोळा कसा लागेल? मी हे निरीक्षकांना सांगितलं. ते म्हणाले, बाई, चालक स्वतः कबूल करतोय, आता आणखी काय बघायचं.

तुम्ही रजेवर यायचात तेव्हा ट्रकला लॅपटॉप जोडून बसायचात. तुम्ही एकदा म्हणाला होतात की गाडी थांबते तेव्हा शेवटच्या मिनिटाचं सगळं ती लिहून ठेवते. ते खरं की थट्टा? खरं असेल तर ते कसं वाचायचं तेवढं कळवा.

वहिनी


१४ मार्च

वहिनी, नमस्कार.

पत्र वाचून दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. दादाला सांभाळा. त्याच्याशी बोलत राहा, तो उत्तर देवो न देवो.

गाडी लिहून ठेवते हे खरं आहे, पण नव्या गाड्यांचं. आपला ट्रक जुना. त्यातला कॉम्प्युटर म्हणजे बिस्किटाच्या पुड्याएवढा डबा, त्याला आठवणार तरी किती? एवढ्या धक्क्यानंतर तो जिवंत असेल असंही वाटत नाही. त्याला जोडायचं सॉफ्टवेअर पत्र्याच्या ट्रंकेतल्या माझ्या जुन्या लॅपटॉपमध्येच आहे. नव्या मशीनवर ते चालत नाही आणि जुना लॅपटॉप आता चालू होणार नाही.

माझं ऐकाल तर तो ट्रक नजरेआड करा. भंगारवाल्याला देऊन टाका. तो तिथे उभा आहे तोवर तुम्ही दोघं त्यातून बाहेर पडणार नाही. आणि माणूस झोपतो, वहिनी. चांगली झोप झालेला माणूससुद्धा उन्हात, एकसुरी रस्त्यावर पेंगतो. यात दादाला कोणी वाईट म्हणत नाही.

तुमचा,
धाकटा


२० मार्च

भाऊजी, नमस्कार.

लॅपटॉप चालू झाला. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे नेला होता. त्याने आतली धूळ काढली, म्हणाला बॅटरी मेली आहे, पण वायर लावून ठेवली की चालेल. तारीख मात्र चौदा वर्षं मागची दाखवतो. तुमचा कार्यक्रम त्यात आहे, चिन्हाखाली ट्रकच्या कंपनीचं नाव आहे. उघडला. वाहन जोडा असं सांगून थांबला.

माणूस झोपतो हे खरं. पण तुम्ही हे भावाच्या बाजूने लिहिलंत की माझी समजूत घालायला, ते मला कळलं नाही. मी बावीस वर्षं यांच्याबरोबर आहे. दुपारच्या जेवणानंतर हे कधी स्टीअरिंगवर बसले नाहीत. आधी अर्धा तास गाडीखाली चटई टाकून पडणार, मगच निघणार. गावातले लोक त्यावरून हसायचे.

ट्रक गोदामामागे उभा आहे. निरीक्षकांनी सोडला. पुढची काच नाही, डावी बाजू दबली आहे, पण स्टीअरिंगकडची बाजू शाबूत आहे. मी जाऊन बघून आले. तुम्ही लॅपटॉप कुठे जोडायचात ते मला आठवत नाही, कारण तेव्हा मी चहा देऊन परत यायचे. तेवढं सांगा. नाही सांगितलंत तर कोणीतरी सापडेलच, फक्त वेळ लागेल.

वहिनी


२ एप्रिल

वहिनी, नमस्कार.

दोन गाड्या चुकल्या म्हणून उत्तराला उशीर झाला. खरं सांगायचं तर पहिली मी चुकवली.

सोबत पार्सल आहे. काळा डबा म्हणजे अडॅप्टर. त्याच्या एका टोकाला चपटा प्लग आहे, तो लॅपटॉपच्या मागच्या नऊ पिनांच्या जागेत जाईल. दुसऱ्या टोकाला गोल प्लग. स्टीअरिंगच्या डाव्या हाताला, डॅशबोर्डच्या खालच्या काठाशी हात घातलात तर एक गोल सॉकेट लागेल, सहा भोकांचं, रबरी टोपण असलेलं. प्लगला एक खाच आहे ती सॉकेटच्या खाचेवर आणायची, दाबायचं आणि उजवीकडे फिरवायचं. टक् असा आवाज आला की बसला.

त्याआधी दोन्ही बॅटऱ्या चार्ज करून घ्या. अर्धवट बॅटरीवर कॉम्प्युटर काहीबाही बोलतो. किल्ली एकच टप्पा फिरवायची, इंजिन चालू करायचं नाही. अडॅप्टरवर आधी लाल दिवा लागेल, मग हिरवा लुकलुकेल. लुकलुकला म्हणजे दोघांचं बोलणं सुरू झालं. या जुन्या गाड्या फार सावकाश बोलतात, पडदा दोन-तीन मिनिटं तसाच राहिला तर घाबरू नका, बंद करू नका.

जोडणी झाली की सगळ्यात आधी एक काम करा. वरच्या पट्टीत 'क्लिअर' असं बटण आहे ते दाबा. जुन्या नोंदी पडून असल्या की पुढचं नीट वाचता येत नाही, म्हणून आधी पाटी कोरी करून घ्यायची. ते विचारेल, नक्की पुसायचं का. हो म्हणा. मग काय दिसतं ते मला लिहा.

दादा काही बोलला का?

धाकटा


१९ एप्रिल

भाऊजी, नमस्कार.

जोडलं.

बॅटऱ्या हातगाडीवर घालून दुकानात नेल्या, दोन दिवस चार्जिंगला ठेवल्या. दुकानदाराने बसवायला माणूस दिला. लॅपटॉपसाठी गोदामातून लांब वायर ओढून घेतली, पहारेकरी नाही म्हणाला नाही. मग मी यांच्या सीटवर बसले. बावीस वर्षांत मी त्या सीटवर कधी बसले नव्हते. माझा पाय पेडलपर्यंत पोचत नाही.

पहिल्या तीन खेपांना लाल दिवाच राहिला. पडद्यावर लिहून यायचं, वाहन उत्तर देत नाही. मी प्लग काढून सॉकेटमध्ये टॉर्च मारली. सहाही भोकांत लादीची पांढरी भुकटी बसली होती. शिवणाच्या मशीनचा बारीक ब्रश घेऊन आले, एकेक भोक साफ केलं, फुंकर मारली. चौथ्यांदा हिरवा लुकलुकला. मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले. तीन मिनिटांनी पडदा भरला.

तुम्ही 'क्लिअर' दाबायला सांगितलं होतंत. बाण तिथवर नेला. पण जुनी ताडपत्री उसवायच्या आधी मी तिची शिवण वहीत काढून ठेवते, नाहीतर कोणता तुकडा कुठला ते परत जोडताना कळत नाही. हात आपोआप वहीकडे गेला. 'नाही' दाबलं आणि आधी सगळं उतरवून घ्यायचं ठरवलं. तीन दुपारी लागल्या. इंग्रजी शब्द जसे होते तसे अक्षर बघून लिहिले आहेत.

एक पान आहे, त्याच्या डोक्यावर 'लास्ट स्टॉप' म्हणून लिहिलंय. त्यात एकशेचार ओळी आहेत, एका सेकंदाची एक. प्रत्येक ओळीत वेग, इंजिनचे फेरे, अ‍ॅक्सिलरेटर, क्लच, ब्रेक. पहिल्या ओळीत वेग अडतीस. तिसाव्यात सत्तेचाळीस. बासष्टाव्यात एकोणसाठ, आणि त्या एकाच ओळीत क्लच ऑन आहे. शंभराव्यात चौऱ्याहत्तर. शेवटच्यात शून्य. अ‍ॅक्सिलरेटर पहिल्यापासून शेवटपर्यंत शून्य. ब्रेकच्या रकान्यात पहिल्या ओळीपासून एकशेचाराव्या ओळीपर्यंत ऑन.

मी तो शब्द एकशेचार वेळा लिहिला, भाऊजी. चाळीसाव्या वेळी त्याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला. यांचा पाय ब्रेकवर होता. एकशेचार सेकंद. झोपलेला माणूस असा पाय दाबून धरतो का?

आणखी एक आहे, त्याचा अर्थ मला लागत नाही. शेवटच्या रकान्यात 'इंजिन ब्रेक स्विच' आहे, तोही सगळीकडे ऑन. पण सेटिंगच्या पानावर तोच इंजिन ब्रेक पुन्हा आहे आणि पुढे लिहिलंय 'डिसेबल्ड'. दवाखान्यात अपंगांच्या राखीव खुर्चीवर हाच शब्द असतो म्हणून अक्षरं ओळखली. बटण चालू आणि ब्रेक अपंग, हे कसं?

वहीतली पानं दुसऱ्यांदा लिहून सोबत जोडली आहेत. यांना अजून काही सांगितलेलं नाही. तुम्ही अर्थ कळवा, मग सांगेन. आणि आता पुसू का तेही कळवा.

वहिनी


८ मे

भाऊजी, नमस्कार.

दोन आठवड्यांच्या दोन गाड्या येऊन गेल्या, तुमचं पत्र नाही. आजारी आहात का?

केसची तारीख दहा जून लागली आहे. मी वकिलांना वही दाखवली. ते म्हणाले, हस्ताक्षरातल्या आकड्यांना कोण विचारतो, जाणत्या माणसाने निरीक्षकांसमोर जोडून दाखवलं तर गोष्ट वेगळी.

मी अजून पुसलेलं नाही. पुसू का?

वहिनी


११ मे

वहिनी,

पुसू नका.

पानं आली त्या दिवशीच मी वाचली. पहिल्या ओळीवरच कळलं. तरी एकशेचार ओळी वाचल्या. दोन आठवडे तुम्हाला काय लिहायचं ते ठरत नव्हतं. आता ठरवत बसत नाही, झालं ते लिहितो.

डिसेंबरात रजेवर होतो तेव्हा दादा म्हणाला की इंजिन ब्रेक मधूनच आपोआप लागतो, सपाट रस्त्यावर गाडी धक्का खाते. मी बघितलं. आतला एक भाग अडकत होता. तो बदलायला हवा होता आणि इथे खाणीच्या स्टोअरमध्ये तो मिळाला असता. तोवर त्रास नको म्हणून मी लॅपटॉप जोडला आणि सेटिंगमध्ये जाऊन इंजिन ब्रेक बंद करून टाकला. दोन मिनिटांचं काम. दादा आंघोळीला गेला होता. आला की सांगू म्हटलं. तेवढ्यात तुम्ही जेवायला हाक मारलीत, मग बसची वेळ झाली. सांगायचं राहिलं. इथे आल्यावर तो भाग पाठवायचंही राहिलं. यापेक्षा मोठं कारण माझ्याकडे नाही. विसरलो.

तेव्हापासून दादा गोदाम ते रेल्वे यार्ड अशा सपाट रस्त्यावरच होता, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. अकरा फेब्रुवारीला पहिल्यांदा उतार लागला. भरलेला ट्रक उतारावर नुसत्या पायाच्या ब्रेकवर धरत नाही. चाकांतले ब्रेकचे ड्रम तापतात आणि मग पेडल कितीही दाबा, चाकाला काही कळत नाही. उतार लागण्याआधीच दादाने बटण दाबलं होतं. त्याच्या हिशेबाने इंजिन ब्रेक चालू होता. बासष्टाव्या ओळीत क्लच आहे ना, तिथे त्याने खालचा गिअर घालून बघितला. पडला नसणार. वेग त्यानंतर चढत गेलाय.

तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हाच मला शंका आली होती. म्हणून म्हटलं ट्रक भंगारात द्या. म्हणून 'क्लिअर' दाबायला सांगितलं. त्याने जोडणी सुधारत नाही, ती एकशेचार ओळींची नोंद कायमची जाते. मी तुमच्याच हाताने ती पुसायला निघालो होतो. हे लिहिताना मला काही वाटत नाही, आणि याचीच भीती वाटते.

दादाला उतारावरच कळलं असणार. ट्रकला शेवटचा हात कोणाचा लागला होता हे त्याला माहीत होतं. म्हणून तो म्हणाला डोळा लागला. मला वाचवायला. शाळेत माझ्या हातून काच फुटली तेव्हाही त्याने स्वतःचंच नाव सांगितलं होतं.

हे पत्र त्याला वाचून दाखवा.

धाकटा


१७ मे

भाऊजी, नमस्कार.

तुमचं पत्र मी एकदा मनात वाचलं. मग मशीन बंद केलं, खाटेशी स्टूल घेऊन बसले आणि यांना मोठ्याने वाचून दाखवलं. आधी वही दाखवली. हे भिंतीकडेच बघत होते. वाचून झाल्यावर मी तुमच्यावर रागवावं असं मला वाटत होतं, पण राग आला नाही. काहीच आलं नाही. मी पत्राची घडी घातली.

बऱ्याच वेळाने हे बोलले. तीन महिन्यांत पहिल्यांदा. आवाज घोगरा होता, मला आधी वाटलं खोकतायत.

"त्याच्यासाठी नाही सांगितलं मी तसं," हे म्हणाले.

हेच पुढे म्हणाले, "झोपलो होतो म्हटलं की पुढचं कोणी विचारत नाही. झोपलेल्या माणसाला काय दिसणार?"

मग सांगितलं. अडखळत, मधे मधे थांबून, पण शेवटपर्यंत. वळण संपल्यावर यांना तो झेंडीवाला दिसला. हॉर्न यांनी दाबूनच धरला होता. त्याने आधी झेंडी हलवली, रोजच्यासारखी, त्याला वाटलं थांबेल ट्रक. मग ट्रक थांबत नाही हे त्याला कळलं. हे म्हणतात, कळलं ते मला त्याच्या तोंडावर दिसलं. त्याच्या डाव्या हाताला मोकळा उतार होता, दोन ढांगांत तो बाजूला झाला असता. पण मागे खड्ड्यात सहा माणसं होती, यंत्राने रस्ता फोडत होती. त्या आवाजात हॉर्न कोणाला ऐकू जाणार? तो बाजूला झाला नाही. पाठ फिरवून त्यांच्याकडे धावला, ओरडत, आणि हातातली झेंडी त्यांच्यावर फेकली. ते सहाजण वर बघून पांगले. त्याला तेवढा वेळ उरला नाही.

मी विचारलं, हे निरीक्षकांना का नाही सांगितलं?

"सांगायचं तर परत बघावं लागलं असतं," हे म्हणाले. मग पुढे, "इंजिन ब्रेक लागत नाही हे मला उतारावर कळलं. का लागत नाही याचा विचार करायला वेळ कुठे होता? धाकट्याचं नाव मनात आलं ते दवाखान्यात. तेव्हा सांगून झालं होतं."

म्हणजे भाऊजी, तुम्हाला वाटलं तुमच्यासाठी. आणि मला वाटत होतं की मी यांच्यावरचा डाग पुसतेय. यांनी स्वतःसाठी एक झोप करून घेतली होती, त्यात ते पडून होते. मी वही घेऊन त्यांना जागं केलं. बरं केलं की वाईट, मला सांगता येत नाही.

वकिलांकडून एक कळलं ते लिहून ठेवते. रस्त्याच्या कामाच्या ठेकेदाराने कागदावर असं दिलंय की तो माणूस नेमून दिलेल्या जागी उभा नव्हता, रस्त्याकडे पाठ करून होता, म्हणून त्याचीही चूक. खड्ड्यातल्या सहाजणांनी ओरडणं ऐकलं, पण त्यांनी त्याआधीचं बघितलेलं नाही, आणि ठेकेदाराच्या विरुद्ध सही करायला कोणी पुढे येत नाही. तो पाठ का फिरवून होता हे बघितलेला माणूस जगात एकच आहे. तो माझ्या शिवणाच्या खोलीत बसला आहे.

तुमचं काय ते तुम्ही ठरवा. मी सांगणार नाही.

वहिनी


२४ मे

वहिनी,

रजा मिळाली. साहेबांना कारण खरं ते सांगितलं. चार जूनच्या सकाळच्या बसने येतो. निरीक्षकांसमोर मीच जोडेन आणि सेटिंग कोणी बदललं ते मीच सांगेन. लॅपटॉपची तारीख मागची आहे ती तशीच राहू द्या, कोणाला दुरुस्त करू देऊ नका. नाहीतर म्हणतील आम्ही काहीतरी फिरवलं.

दादा स्टँडवर आला नाही तरी चालेल.

धाकटा


३० जून

भाऊजी, नमस्कार.

तुम्ही पोचल्याचं पत्र मिळालं. तुम्हाला गाड्यांच्या दुरुस्तीवरून काढून स्टोअरच्या खिडकीवर बसवलं हे वाचलं. तुम्ही लिहिलंत की ते बरंच आहे, हातात पाना घेतला की बोटं नीट वळत नाहीत. होईल. किंवा नाही होणार. मला आता कोणाला धीर द्यायचा म्हटलं की शब्द पोकळ वाटतात, म्हणून देत नाही.

तुम्ही गेल्यावर इथे काय झालं ते सांगते. तुमचा जबाब आणि यांचा नवा जबाब दोन्ही दाखल झाले. पुढची तारीख ऑगस्टात. वकील म्हणतात शिक्षा हलकी होईल, पण होईल. यांनी मान हलवली. निरीक्षक त्या दिवशी ट्रकमध्ये तुमच्या शेजारी बसून तो पडदा किती वेळ बघत होते ते तुम्ही पाहिलंतच. परवा मला रस्त्यात भेटले. थांबले, काहीतरी बोलायचं होतं त्यांना, मग नुसताच नमस्कार करून गेले.

आता जे सांगायला बसले ते. मागच्या रविवारी हे सकाळी उठले, दाढी केली, काठी घेतली आणि म्हणाले, "चल." कुठे ते मी विचारलं नाही. पत्ता यांनी वकिलांकडून आधीच घेतला होता, हे मला माहीत नव्हतं. दोन बस बदलून गेलो. पिठाच्या गिरणीमागे ओळीने खोल्या आहेत, त्यातली शेवटून दुसरी. दार उघडंच होतं. आत एक खाट, तिच्याखाली डबे, भिंतीला टेकवून ठेवलेली सायकल. झेंडीवाल्याची बायको ओट्याशी भांडी पुसत होती. माझ्याच वयाची असेल. हे उंबऱ्याबाहेर उभे राहिले आणि आपण कोण ते सांगितलं.

तिने हातातलं भांडं पुसून संपवलं, पालथं घातलं. मग म्हणाली, "बसा. पाय दुखत असेल."

हे बसले. मी दाराशीच टेकले. यांनी तिला सगळं सांगितलं, मला सांगितलं होतं तसंच, एक शब्द कमी नाही, जास्त नाही. क्षमा मागितली नाही. मला वाटलं होतं मागतील. ती सगळा वेळ यांच्या तोंडाकडे बघत होती. यांनी एकदाही नजर खाली घेतली नाही. ते त्यांना किती जड गेलं हे मला त्यांच्या काठीवरच्या मुठीवरून कळत होतं.

सांगून झाल्यावर तिने एकच विचारलं. "डोळ्यावर चष्मा होता का त्यांच्या?"

हे म्हणाले, "होता."

"सकाळी घरीच विसरले होते," ती म्हणाली. "मी गिरणीपर्यंत पळत जाऊन दिला. पण तो घातलाच नसेल तर, असं माझ्या मनात यायचं. की त्यांना ट्रक नीट दिसलाच नसेल." मग म्हणाली, "म्हणजे दिसत होतं त्यांना."

"सगळं दिसत होतं," हे म्हणाले.

ती उठून मोरीत गेली. पाणी सोडल्याचा आवाज आला. बराच वेळ आला. आम्ही दोघं बसून होतो, एकमेकांकडे बघत नव्हतो. शेजारच्या खोलीत कोणीतरी रेडिओची स्टेशनं फिरवत होतं.

बाहेर आली ती तोंड धुऊन. तिच्या हातात एक वही आणि पेन होतं. म्हणाली, ठेकेदाराच्या कागदावर त्यांची चूक लिहिली आहे. तो कागद मी कितीदा वाचला. तुम्ही आत्ता सांगितलंत ते मला तुमच्या हाताने लिहून द्या, खाली सही करा. कोर्टात काय व्हायचं ते होऊ दे. मला घरात ठेवायला हवं.

हे खाटेच्या कडेवर वही ठेवून लिहायला बसले. तुम्हाला माहीत आहे, यांचं लिहिणं म्हणजे मालाच्या पावतीवर सही, त्यापलीकडे नाही. घाम आला होता. मी सांगायला पुढे झाले नाही. अर्धं पान झालं, तारीख घातली, सही केली, वही तिच्याकडे दिली.

तिने सावकाश वाचलं, ओळीखालून बोट फिरवत. मग वही यांच्यासमोर परत ठेवली आणि एका जागी बोट टेकवलं.

"इथे तुम्ही 'झेंडीवाला उभा होता' लिहिलंय," ती म्हणाली. "'उभे होते' लिहा."

यांनी तेवढं खोडून वर नीट लिहिलं. मग पुढच्या ओळी बघितल्या. तो धावला. तो ओरडला. त्याने झेंडी फेकली. एकेक शब्द खोडत गेले, खाली येईपर्यंत पान गिचमिड होऊन गेलं. यांनी ते पान वहीतून अलगद फाडलं, तिला विचारलं, "दुसरं घेऊ?" आणि तिने मान हलवल्यावर पहिल्यापासून लिहायला घेतलं.

वहिनी